आपोआप येणारे परिच्छेद: वर्डप्रेसच्या एका जुन्या साइटचं प्रकरण

प्रोग्रामिंगचे धडे देणाऱ्या एका साइटच्या वाचकाने कळवलं, की धड्यातली आज्ञा कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवली तर चालत नाही, आणि तीच हाताने टाइप केली तर बिनतक्रार चालते. आज्ञा गिटमधली, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातली होती, अगदी साधी: कमिट, आणि पुढे --अमेंड. पानावर मात्र त्या दोन छोट्या रेघांच्या जागी एकच, जराशी लांब रेघ होती: –अमेंड. नजरेला फरक जेमतेम जाणवतो. गिटच्या लेखी मात्र तो पर्याय उरत नाही. ते त्याला फाइलचं नाव समजतं आणि अशी फाइल नाही म्हणून थांबतं. त्याच धड्यात खाली पायथनची एक ओळ होती. तिच्यातली सरळ अवतरणचिन्हं " " पानावर वाकडी होऊन “ ” अशी आली होती, आणि वाकड्या अवतरणाने स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, सुरू होते हे पायथनला मान्य नाही.

साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या प्रणालीवरची, बऱ्याच वर्षांची, अनेक हातांनी लिहिलेली. धडे, लांबलचक लेख आणि कवितांचा एक विभाग असं तिचं स्वरूप. संपादकांशी बोलायला लागल्यावर बाकीच्या तक्रारीही बाहेर आल्या. कवितेची कडवी कधी चिकटतात, कधी भलतीच सुटी होतात. ‘पुढचा धडा’ असं सांगणाऱ्या कार्डाच्या वरखाली रिकामी जागा पडते. एका पानावरचं गणित करून दाखवणारं छोटं स्क्रिप्ट चालत नाही. संपादक ताई म्हणाल्या, “अहो दादा, एडिटरमध्ये बघते तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. पान उघडलं की बिघडलेलं दिसतं.”

या वाक्यातच प्रकरणाची किल्ली होती.

आधी एक पर्याय निकालात काढायला हवा होता. वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून चिकटवलेल्या मजकुरातही अवतरणं वाकडी होतात, रेघा लांब होतात, कारण तो प्रोसेसर टाइप करतानाच त्या बदलतो. हे झालं असेल तर चुकीचं चिन्ह डेटाबेसमध्येच बसलेलं असतं. तपासायची रीत सोपी आहे. पोस्ट एडिटरच्या टेक्स्ट टॅबमध्ये, म्हणजे टॅगांसकट कच्चा मजकूर दिसतो तिथे उघडायची, किंवा मजकुराचे सुटे ठोकळे जोडून लिहायचा नवा ब्लॉक एडिटर असेल तर कोड एडिटर लावायचा, आणि चिन्ह बघायचं. इथे साठवलेला मजकूर अगदी सरळ होता, दोन रेघांसकट. म्हणजे बदल होत होता तो पान वाचकाकडे जाताना, दर वेळी नव्याने.

आधीचा उपाय आणि त्याचा फटका

माझ्यापर्यंत प्रकरण येण्याआधी साइटच्या एका मदतनीसाने शोधाशोध करून साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये दोन ओळी घातल्या होत्या. एकीने ‘डब्ल्यूपी-ऑटोपी’ हा फिल्टर, म्हणजे पान दाखवताना मजकुरावर चालणारं फंक्शन, काढला, दुसरीने ‘डब्ल्यूपी-टेक्स्चराइझ’. पहिला ओळींचे परिच्छेद करतो, दुसरा चिन्हं सुबक करतो. ओळी घातल्या आणि धडे सुधारले. मात्र त्याच क्षणी साइटवरचे सगळे जुने लेख एकेका सलग भिंतीत बदलले. ना परिच्छेद, ना मोकळी ओळ. दहा-पंधरा परिच्छेदांचा लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच ठोकळा. ओळी घाईघाईने मागे घेतल्या गेल्या आणि धडे पुन्हा बिघडले.

त्या मदतनीसाला दोष देणं मला पटत नाही. हाच सल्ला सगळीकडे मिळतो, आणि नव्या कोऱ्या साइटवर तो चालतोही. जुन्या साइटवर तो का चालत नाही हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

क्लासिक, म्हणजे जुन्या एडिटरमध्ये लिहिलेली वर्डप्रेसची पोस्ट डेटाबेसमध्ये पूर्ण एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या टॅगांची भाषा, म्हणून साठवलेली नसते. लेखक परिच्छेद संपवून मोकळी ओळ सोडतो आणि साठवली जाते ती फक्त मोकळी ओळ. परिच्छेदाचा पी टॅग तिथे नसतोच. सजवलेलं रूप दाखवणाऱ्या व्हिज्युअल टॅबमध्ये लिहिलं तरी तेच. जतन करताना एडिटर आपल्या बाजूचे पी टॅग काढून त्यांच्या जागी मोकळ्या ओळी ठेवतो. वाचक पान उघडतो तेव्हा ऑटोपी त्या ओळी मोजतो आणि तेवढ्यापुरते पी टॅग तयार करतो. म्हणजे लेखाचं अर्धं रूप डेटाबेसमध्ये आणि उरलेलं अर्धं त्या फिल्टरमध्ये. फिल्टर काढला की परिच्छेदांची खूण म्हणून फक्त नव्या ओळीचं अक्षर शिल्लक राहतं, आणि ब्राउझर त्याला साध्या स्पेसइतकीच किंमत देतो. भिंत उभी राहते ती अशी.

ही पद्धत २००३ पासूनची, वर्डप्रेसच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांमधली. त्या काळी लिहिणाऱ्याने स्वतः टॅग घालावेत ही अपेक्षा जाचक होती आणि ओळ सोडली की परिच्छेद व्हावा ही सोय फार मोलाची होती. तिच्यामुळे असंख्य माणसं एचटीएमएल न शिकता लिहू लागली, हे विसरून या फिल्टरला शिव्या घालणं बरोबर नाही. फक्त एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. त्याच काळातल्या मूव्हेबल टाइपमध्ये ओळींचं रूपांतर करायचं की नाही हे प्रत्येक नोंदीपाशी निवडता येत असे. वर्डप्रेसने तो निर्णय सगळ्या साइटसाठी एकदाच घेऊन टाकला. या प्रकरणातला सगळा गुंता त्या एका न ठेवलेल्या निवडीतून आला.

ऑटोपी नेमकं काय करतो

दोन किंवा जास्त नव्या ओळी लागोपाठ आल्या की परिच्छेद. एकच नवी ओळ आली की बीआर टॅग, म्हणजे नुसतं ओळ तोडणं. एवढाच नियम असता तर भांडण नव्हतं. पण मजकुरात आधीच टॅग असले की ऑटोपीला ठरवावं लागतं कशाला गुंडाळायचं आणि कशाला नाही. त्यासाठी त्याच्याकडे ब्लॉक टॅगची, म्हणजे पानावर स्वतंत्र ठोकळा घेणाऱ्या टॅगची एक यादी आहे: डिव्ह, टेबल आणि त्याचे भाग, याद्या, शीर्षकं, ब्लॉककोट, सेक्शन, आर्टिकल, फिगर वगैरे. या टॅगना तो पीमध्ये गुंडाळत नाही. प्री टॅगमधल्या मजकुराला तर तो हातच लावत नाही. आधी बाजूला काढून ठेवतो आणि काम संपल्यावर परत आणून बसवतो.

आता ‘पुढचा धडा’ हे कार्ड घ्या. बाहेर लिंकचा ए टॅग, आत डिव्ह, त्यात शीर्षक. एचटीएमएल पाचमध्ये हे वैध आहे. पण ए टॅग त्या यादीत नाही. ऑटोपीला तो साध्या मजकुराचा तुकडा वाटतो, म्हणून उघडणाऱ्या ए टॅगभोवती एक पी, मग डिव्ह मोकळा, आणि बंद होणाऱ्या ए टॅगभोवती आणखी एक पी. लिंक पहिल्या परिच्छेदात उघडते आणि शेवटच्या परिच्छेदात बंद होते. ब्राउझर अशा मोडक्या रचनेची आपल्या परीने डागडुजी करतो आणि त्यातून लिंकचे तुकडे आणि वरखाली रिकामे परिच्छेद उरतात. कार्डाभोवतीची ती जागा म्हणजे हेच रिकामे परिच्छेद. स्टाइलशीटमध्ये मार्जिन शून्य करून ती घालवायचा प्रयत्न झाला होता. मार्जिन गेलं, पण लिंक तुटलेलीच राहिली आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तीच लिंक पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिली. त्या बाबतीत मी आग्रही आहे: दिसणं सारखं करून रचना मोडकी ठेवणं हा उपाय नव्हे.

सगळं एका ओळीत लिहिलं की ऑटोपी गप्प बसतो असा एक लोकप्रिय समज आहे. या कार्डाच्या बाबतीत तो खोटा ठरतो. फिल्टर आपलं काम सुरू करतानाच प्रत्येक ब्लॉक टॅगच्या आधी आणि नंतर स्वतःच मोकळ्या ओळी घालतो, मग मोजतो. तुम्ही ओळी सोडल्या काय आणि न सोडल्या काय, डिव्हच्या आधी तुकडा पडणारच.

पोस्टच्या मजकुरातच घातलेल्या स्क्रिप्टची गोष्ट याहून छोटी. स्क्रिप्टच्या आतल्या एकेकट्या नव्या ओळी ऑटोपी सांभाळतो, तिथे बीआर घालत नाही. पण लिहिणाऱ्याने वाचायला सोपं जावं म्हणून दोन फंक्शनांमध्ये एक पूर्ण मोकळी ओळ सोडलेली असते, आणि तिथे पी टॅग येऊन बसतो. जावास्क्रिप्टच्या मधोमध पी टॅग आला की ब्राउझर व्याकरणाची चूक सांगून अख्खं स्क्रिप्ट सोडून देतो.

आणि शॉर्टकोड, म्हणजे चौकोनी कंसातली छोटी खूण, जिच्या जागी वर्डप्रेस तयार मजकूर बसवतो. वर्डप्रेसमध्ये मजकुरावर फिल्टर ठरलेल्या क्रमाने चालतात, लहान आकड्याचा आधी: ब्लॉक ९ वर, टेक्स्चराइझ आणि ऑटोपी १० वर, शॉर्टकोड ११ वर. म्हणजे शॉर्टकोड उलगडण्याआधीच ऑटोपी त्याच्यावरून फिरून गेलेला असतो. एकट्या ओळीवरच्या शॉर्टकोडभोवतीचा पी काढणारा एक वेगळा फिल्टर आहे, तो तेवढं काम नीट करतो. पण उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या शॉर्टकोडच्या मध्ये परिच्छेद असतील, तर आतला मजकूर बंद होणाऱ्या पीने सुरू होतो आणि उघडणाऱ्या पीने संपतो. साइटवरच्या ‘टीप’ चौकटी याच कारणाने वाकड्या दिसत होत्या. यावर ऑटोपीला १२ वर ढकला असा सल्ला मिळतो. तो मी घेतला नाही. तसं केलं की शॉर्टकोडने तयार केलेल्या एचटीएमएलवरही ऑटोपी चालतो, आणि आधी नीट असलेल्या गॅलऱ्या आणि फॉर्म बिघडतात.

टेक्स्चराइझ, आणि तो कुठे थांबतो

पहिल्या तक्रारीतला आरोपी ऑटोपी नव्हताच, तो टेक्स्चराइझ. सरळ अवतरणं वाकडी करणं, तीन टिंबांचं एक चिन्ह करणं, दोन रेघांची एक मध्यम आणि तीन रेघांची एक लांब रेघ करणं, दोन अंकांमधल्या इंग्रजी एक्सचं गुणाकाराचं चिन्ह करणं ही त्याची कामं. छापील पुस्तकासारखं पान दिसावं म्हणून ही मेहनत आहे आणि गद्य लेखाला ती शोभते. देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: गुणाकाराचा नियम फक्त 9x9 अशा अंकांना लागू होतो. ९x९ लिहिलं तर तो एक्स एक्सच राहतो. आणखी एक गंमत त्याच्या रेघांच्या नियमात दडलेली आहे. देवनागरी डोमेन नावं इंटरनेटच्या यंत्रणेत ज्या रोमन रूपात फिरतात, त्यांच्या सुरुवातीला एक्स, एन आणि दोन रेघा असतात. तेवढ्या रेघा हा फिल्टर मुद्दाम वगळतो, म्हणजे पत्ते मोडत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्री, कोड, केबीडी, टीटी, स्टाइल आणि स्क्रिप्ट या टॅगांच्या आत टेक्स्चराइझ शिरतच नाही. मग धड्यातल्या आज्ञा का बिघडल्या? टेक्स्ट टॅबमध्ये उत्तर समोरच होतं. आज्ञा कोड टॅगमध्ये नव्हत्या. लेखकाने त्या साध्या परिच्छेदात लिहून ठळक केल्या होत्या, काही ठिकाणी स्पॅन टॅगला राखाडी रंग दिला होता. डोळ्यांना तो कोड वाटत होता, यंत्राला ते गद्य वाटत होतं, आणि गद्य समजून त्याने ते सुबक केलं.

इथे दोन वाटा होत्या. टेक्स्चराइझ पूर्ण बंद करणं हा ऑटोपी बंद करण्याइतका धोक्याचा नाही. लेखांची अवतरणं सरळ दिसतील, बाकी काही कोसळणार नाही. त्यासाठी २०१४ च्या ४.० आवृत्तीपासून एक स्वतंत्र स्विचही आहे. मात्र तो पान तयार होताना एकदाच विचारला जातो आणि उत्तर लक्षात ठेवलं जातं. त्यामुळे या पोस्टला हो आणि त्या पोस्टला नाही असं त्या स्विचने करता येत नाही. दुसरी वाट म्हणजे आज्ञा जिथे आहेत तिथे त्यांना कोड टॅग देणं. आम्ही दुसरी घेतली. कष्ट जास्त, पण कोडला कोड म्हणणं हे टेक्स्चराइझ नसतं तरी करायलाच हवं होतं. त्याने अक्षर समान रुंदीचं होतं, भाषांतराची साधनं त्याला वगळू शकतात, आणि उद्या साइट दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर गेली तरी अर्थ टिकतो.

अनेक ओळींचा कोड प्रीमध्ये आणि त्याच्या आत कोडमध्ये. टेक्स्ट टॅबमध्ये हाताने लिहिताना लहान-मोठ्याची चिन्हं < आणि > सांकेतिक रूपात लिहावी लागतात, नाहीतर ब्राउझर त्यांना टॅग समजतो. व्हिज्युअल टॅबमध्ये किंवा कोड ब्लॉकमध्ये लिहिलं तर ते आपोआप होतं.

जे गेलं ते वेगळ्याच कारणाने गेलं

एक तक्रार मात्र या दोन्ही फिल्टरांच्या खात्यात बसत नव्हती. एका लेखकाने पोस्टमध्ये स्क्रिप्ट घातलं की ते जतन करताच नाहीसं व्हायचं आणि स्क्रिप्टच्या आतला मजकूर पानावर साध्या अक्षरांत उघडा पडायचा. संपादकांनी तेच केलं तर राहायचं. टॅग गेला पण आतला मजकूर राहिला, ही खूण ओळखीची होती. हे वर्डप्रेसच्या केएसईएस नावाच्या चाळणीचं काम. लेखक आणि योगदानकर्ता या भूमिकांना हवं ते एचटीएमएल घालायची परवानगी नसते. संपादक आणि प्रशासकाला असते. अनेक साइट्सच्या जाळ्यात तर ती फक्त सर्वोच्च प्रशासकाकडे असते.

हा फरक मी ताईंना कागदावर काढून दाखवला, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून होते. केएसईएस जतन करताना चालतो; त्याने काढलेलं परत येत नाही, जुनी आवृत्ती उघडून आणावं लागतं. व्हिज्युअल आणि टेक्स्ट टॅबमध्ये ये-जा केली की टायनीएमसीई हा एडिटर आपल्या समजुतीप्रमाणे मजकूर साफ करतो, आयकॉनसाठी ठेवलेले रिकामे टॅग उडवतो, आणि जतन केलं की तेही कायमचं. ऑटोपी आणि टेक्स्चराइझ मात्र डेटाबेसला हात लावत नाहीत. ते आज बंद करून उद्या चालू केले तर काहीही हरवत नाही. म्हणून दुरुस्तीला बसताना प्रश्न हाच आधी विचारायचा: मजकूर साठवताना बदलला की दाखवताना?

लेखकाची भूमिका वाढवून संपादक करा, असा एक प्रस्ताव होता. मी विरोध केला. एका स्क्रिप्टसाठी माणसाला साइटभर काहीही घालायची मुभा देणं हा फार महाग सौदा आहे. ते गणिताचं स्क्रिप्ट एका छोट्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडता येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलं, आणि लेखक आता पोस्टमध्ये फक्त एक शॉर्टकोड लिहितो. मोकळ्या ओळीतला पी आणि केएसईएस हे दोन्ही प्रश्न त्याने एकदमच सुटले.

दुसरी भिंत

काम मार्गी लागत असताना काही जुने लेख पुन्हा भिंत होऊन बसले, आणि या वेळी फिल्टर दोन्ही चालू होते. सगळ्या लेखांत एक गोष्ट समान निघाली. वर्गणीची सूचना देणारा एक ब्लॉक त्यांच्या शेवटी एकगठ्ठा स्क्रिप्टने जोडला गेला होता.

डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर आला. ब्लॉकमध्ये लिहिलेल्या पोस्टचे पी टॅग डेटाबेसमध्येच असतात, म्हणून तिच्यावर ऑटोपी चालवायची गरज नसते. वर्डप्रेस हे ओळखतो कसं? मजकुरात ब्लॉकची खूण, म्हणजे विशिष्ट रूपातली एचटीएमएल टिप्पणी, एक जरी सापडली तरी त्या पोस्टपुरता तो ऑटोपी काढून ठेवतो आणि पोस्ट संपली की परत लावतो. ब्लॉक एडिटरमधून माणसाने जुनी पोस्ट उघडून ब्लॉक जोडला असता, तर एडिटरने जुन्या भागाला जतन करताना पी टॅग दिले असते आणि काही बिघडलं नसतं. स्क्रिप्टने थेट डेटाबेसमध्ये शेपूट जोडलं. जुना भाग बिनटॅगचा राहिला, आणि शेवटी दिसलेल्या एका खुणेमुळे पूर्ण पोस्ट ब्लॉकची मानली गेली.

दुरुस्ती सरळ होती: बॅकअप घेऊन, त्या पोस्टांमधल्या ब्लॉकआधीच्या भागावर ऑटोपी फंक्शन एकदा चालवून मिळालेला मजकूर डेटाबेसमध्ये कायमचा लिहिला. सूचना पुढे थीममधून दाखवायचं ठरलं. दर पोस्टखाली सारखीच येणारी गोष्ट मजकुरात असायचं मुळात कारणच नव्हतं.

पोस्टपुरता स्विच

कार्डांच्या पानांसाठी मात्र ऑटोपी खरोखरच बंद हवा होता. त्यासाठी त्या पोस्टांना एक कस्टम फील्ड, म्हणजे पोस्टला जोडलेली वेगळी नोंद, दिलं आणि छोट्या प्लगइनमध्ये नियम लिहिला: फील्ड असेल तर ९ वर ऑटोपी काढायचा, ११ नंतर परत लावायचा. परत लावण्याचा भाग लोक गाळतात आणि तिथेच फसतात. एकट्या पोस्टच्या पानावर काही कळत नाही. पण विभागाच्या यादीच्या पानावर पूर्ण पोस्टा एकाखाली एक येतात, आणि पहिल्या कार्डाच्या पोस्टने काढलेला फिल्टर परत लागला नाही तर तिच्याखालची प्रत्येक जुनी पोस्ट भिंत होते. तपासताना यादीचं पान मुद्दाम बघायला हवं.

हा नियम प्लगइनमध्ये ठेवला, थीममध्ये नाही. थीम बदलते किंवा तिचं अपडेट येतं तेव्हा फंक्शन्स फाइलमधल्या ओळी निघून जातात, आणि का बिघडलं हे आठवणारा माणूस तोवर साइटवर नसतो.

तपासणीसाठी आणखी एक सवय लावून घ्यावी लागली. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये बघून काही कळत नाही, कारण तिथे दिसते ती ब्राउझरने डागडुजी केलेली रचना. सर्व्हरने नेमकं काय पाठवलं हे ‘व्ह्यू सोर्स’मध्ये दिसतं. तिथे – असा आकडा दिसला की टेक्स्चराइझ येऊन गेल्याची ती जवळजवळ खात्रीची खूण, कारण माणसाने चिकटवलेली रेघ सहसा थेट चिन्ह म्हणून असते. आणि बघण्याआधी कॅशे, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, रिकामा करायचा. नाहीतर दुरुस्त झालेलं पान बिघडलेलंच दिसत राहतं आणि माणूस नको ते उकरत बसतो.

साइटचं ईमेल वार्तापत्र डेटाबेसमधून थेट मजकूर उचलत होतं, म्हणून त्यात जुने लेख कायमच भिंतीसारखे जात होते. ते कोणी कळवलंही नव्हतं. तिथे पाठवण्याआधी ऑटोपी फंक्शन हाताने लावलं. साइटचं मोबाइल अॅप रेस्ट एपीआयमधून, म्हणजे इतर प्रोग्रॅमना मजकूर देणाऱ्या वर्डप्रेसच्या सोयीतून, तयार झालेला मजकूर घेतं, म्हणजे फिल्टर लागून गेलेला. त्याला काही करावं लागलं नाही.

कविता

कवितांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. कवितेत ओळ कुठे तुटते आणि कडव्यानंतर किती मोकळं सुटतं हा मजकुराचाच भाग असतो.

जुन्या कवितांना ऑटोपी खरं तर अनुकूल होता. एक नवी ओळ म्हणजे ओळ तुटली, मोकळी ओळ म्हणजे कडवं संपलं. कवी लिहितो तसंच. त्या कविता ठीक होत्या. बिघडल्या त्या दोन तऱ्हांच्या. पहिल्या, ज्यांत ओळी आत सरकवलेल्या होत्या. ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस ब्राउझर गिळतो, म्हणून कोणीतरी न तुटणाऱ्या स्पेस घातल्या होत्या, आणि टॅब बदलताना त्यातल्या काही उडाल्या होत्या. दुसऱ्या, ब्लॉक एडिटरमध्ये लिहिलेल्या. तिथे एंटर दाबलं की नवा परिच्छेद होतो, म्हणून प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद झाली होती आणि कडवी ओळखूच येत नव्हती. शिफ्टसकट एंटर दाबायचं हे कवितेचं काम बघणाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दोन्हींसाठी व्हर्स ब्लॉक निवडला. तो मजकूर प्री टॅगमध्ये ठेवतो, त्यामुळे स्पेस आणि ओळी दोन्ही जशाच्या तशा राहतात. त्याची एक किंमत आहे: प्रीमध्ये टेक्स्चराइझ शिरत नसल्यामुळे कवितेतली अवतरणं सरळच दिसतात. गद्यात वाकडी आणि कवितेत सरळ हे ताईंना खुपलं, मलाही. कवितांत वाकडी अवतरणं हातानेच टाइप करायची असं ठरलं. लांब ओळी अरुंद पडद्यावर कशा वळाव्यात हे स्टाइलशीटमध्ये एकदा ठरवून दिलं, म्हणजे ओळीचा उरलेला भाग थोडा आत सरकून येतो आणि नवी ओळ वाटत नाही.

सध्याची स्थिती

कार्डांचं काम जे बघतात त्यांच्या प्रोफाइलमध्ये व्हिज्युअल एडिटर बंद केला आहे, म्हणजे चुकूनही टॅब बदलला जात नाही. टीप चौकटींच्या शॉर्टकोडमध्ये आतल्या मजकुराच्या सुरुवातीचा बंद पी आणि शेवटचा उघडा पी छाटला जातो. नवीन टीप लिहायची तर शॉर्टकोड न वापरता ब्लॉकमध्येच लिहायची.

जुन्या पोस्टा एकगठ्ठा ब्लॉकमध्ये बदलायच्या का, यावर मतभेद राहिला आहे. ताईंना सगळं एकदाच आणि एकसारखं करून टाकायचं आहे. माझं मत वेगळं आहे: ज्या पोस्टा आज नीट दिसतात त्यांना हात लावू नये, आणि जी कोणत्याही कारणाने उघडावी लागेल ती तेव्हाच बदलावी, बदलल्यावर डोळ्यांनी वाचून. परिच्छेदात लपलेल्या आज्ञांना कोड टॅग देण्याचं काम याच रीतीने चाललं आहे. सर्वाधिक वाचले जाणारे धडे आधी घेतले, आणि बाकीच्यांसाठी डेटाबेसमध्ये दोन रेघांचा शोध घेऊन यादी काढली आहे. ज्याने पहिली तक्रार केली त्या वाचकाला त्याचा धडा दुरुस्त झाल्याचं कळवलं. त्याने आज्ञा कॉपी करून चालवून पाहिली, आणि पुढच्या धड्यात वाकडं झालेलं आणखी एक अवतरण दाखवून दिलं.